माझ्या वाकड्या तोंडाची कारणमीमांसा

मार्गिलान
खरबुजांच्या ऐन भरात

माझे मानाचे व्याही, उस्ता इनोमजान यांस,

ओदिलजान सुरनाईवाल्याचा सलाम. व्याहीणबाईंना सलाम, तुमच्या थोरल्या बंधूंना आणि त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांना सलाम, तुमच्या भट्टीला आणि भट्टीतून न तडकता बाहेर आलेल्या प्रत्येक थाळीला सलाम. तब्येत कशी आहे? झोप लागते ना? चाकावर बसून बसून कंबर धरत नाही ना? बकरी व्याली का? दारातल्या डाळिंबाने यंदा काही मनावर घेतलं का? आणि डोळ्यांचं काय? थाळ्यांवर निळ्या रेघा ओढून ओढून तुमची नजर जवळचं काही धरत नाही, हे ठाऊक असूनही मी एवढं लांब पत्र लिहायला घेतलंय, याचा राग नसावा. अक्षर मोठं काढलंय. तेही दिसलं नाही, तर घरातलं कुणी वाचून दाखवेलच. (जे कुणी वाचत असेल, त्याने सावकाश वाचावं, मध्ये पाणी प्यावं, आणि कंसातला मजकूरही मोठ्यानेच वाचावा. खरं काय ते मी कंसात लिहितो.)

आमच्याकडे सगळं क्षेम आहे. मोठी बातमी आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको: माझं तोंड जागेवर आलं. खुदाचे लाख उपकार. दोन्ही डोळे एकदमच मिटतात, चहा आत गेला की आतच राहतो, आणि परवा सुरनाई वाजली. तुमचा जावई इल्होम रशियात इमारतींवर घाम गाळतोय, पहिला बर्फ पडला की येईल. सूनबाई माहेरच्या हवेला आली आहे, ती तिथे मजेत असेल. (मोहल्ल्यात आम्ही 'हवेला' असंच सांगितलंय. मार्गिलान आणि रिश्तानच्या हवेत असा काय फरक आहे, हे अजून कुणी विचारलेलं नाही, पण विचारायच्या बेतात आहेत. इल्होमलाही तेच सांगितलंय, इकडून सासूने आणि तिकडून सुनेने. एवढ्या एका बाबतीत दोघींचं एकमत आहे.) तिच्या जाण्याबद्दल या पत्रात मी काही लिहिणार नाही. हे पत्र निव्वळ वैद्यकीय आहे.

फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. केला होता, व्याही. पण माझे ओठ तेव्हा माझ्या ताब्यात नव्हते. प, फ, ब, भ, म ही अक्षरं तोंडातून नुसती हवा होऊन बाहेर पडत होती. एरवी माणूस त्यांच्यावाचून कसंबसं निभावून नेतो, पण माफी मागायला दोन्ही ओठ लागतात. तुम्ही थोडा वेळ शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "व्याही, उतरल्यावर फोन करा." मी कुठल्याशा लग्नातून पिऊन आलोय, असं तुम्हाला वाटलं असणार. तुमचा दोष नाही. सुरनाईवाल्याबद्दल लोक तसं चटकन समजतात, आणि तो फोन माझ्याही कानाला पिऊनच केल्यासारखा वाटला.

झालं ते असं. जर्दाळू संपत आले होते त्या सुमाराची गोष्ट. सकाळी उठलो तेव्हा सूनबाईने नेहमीसारखं अंगण झाडून पाणी शिंपडलेलं होतं. मातीचा वास येत होता. माच्यावर बसलो, प्याला ओठाला लावला, आणि चहा आत जायच्या ऐवजी दाढीवरून सदऱ्यात उतरला. मला वाटलं, प्याल्याला चीर गेलीय. (प्याला तुमच्या भट्टीतला होता, म्हणून गप्प बसलो.) दुसरा प्याला घेतला, तोही गळका निघाला. तेवढ्यात सोलिहाचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि तिच्या हातातला नान खाली पडला. आमच्या घरात नान खाली पडणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. तिने तो उचलून कपाळाला लावला, आणि मग म्हणाली, "अहो, सकाळी सकाळी तोंड असं काय करताय? सून बघेल ना."

आरशात पाहिलं. उजवीकडचा अर्धा चेहरा माझा होता. डावीकडचा अर्धा कुठल्या तरी झोपलेल्या माणसाचा होता, आणि तो झोपलेला असूनही त्याचा डोळा उघडा होता. खोटं कशाला बोलू, त्या बाजूच्या सगळ्या सुरकुत्या गेल्या होत्या. तेवढ्या अर्ध्या तोंडावर मी पुन्हा बोहल्यावर चढलो असतो. पण हसायला गेलो तर हसू उजव्या कानाकडे पळालं आणि डावा गाल तसाच लोंबत राहिला. व्याही, सुरनाई नुसत्या फुंकरीने वाजत नाही. गालात हवा साठवायची, नाकाने श्वास घ्यायचा आणि सूर तुटू द्यायचा नाही. माझे गाल हीच माझी शेतीवाडी. त्यातल्या निम्म्या शेतीचा बांध रातोरात फुटला होता.

आता कारण. रोग झाला तर आमच्या मोहल्ल्यातला माणूस तो सोसतो, पण बिनकारणाचा रोग कुणी सोसत नाही. रोगांची कारणं शोधण्याच्या शास्त्राला डॉक्टरांच्या भाषेत इटिऑलॉजी म्हणतात, हे मला मागाहून कळलं. आमच्याकडे त्याला शेजारी म्हणतात. उन्हं अंगणात उतरायच्या आत आमच्या माच्यावर हे शास्त्र भरलं. शेजारची हाजरखाला नजर उतरवायच्या पाल्याची, इसिरिकची, धुरी घेऊन आली, ती माझ्या तोंडाभोवती फिरवली, मला ठसका लागेपर्यंत फिरवली, आणि निकाल दिला की मी अक्रोडाखाली झोपलो आणि जिनाने थोबाडीत मारली. सोलिहाला ते अजिबात पटलं नाही, कारण तो अक्रोड तिच्या वडिलांनी लावलेला. मग माझा जोडीदार राहमत आला. (हा आमच्या ताफ्यातला कर्णेवाला. कर्णा त्याच्यापेक्षा लांब आहे आणि जीभ कर्ण्यापेक्षा.) तो म्हणाला, "तू जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नात गाल फुगवलेस, आता गालच फुगून बसला, त्याला कोण काय करणार." आदल्या दिवशीच्या लग्नात गरम पुलावावर थंडगार खरबूज मला आग्रहाने कुणी चारलं, हा विषय मात्र त्याने काढला नाही. तेव्हाच माझ्या ध्यानात आलं, की कारण म्हटलं की त्याला मालक असतोच. अक्रोडाचा मालक सासरा, खरबुजाचा मालक राहमत. जो तो आपलं सोडून दुसऱ्याच्या घरातलं कारण उचलून आणत होता.

सोलिहाने उचललं ते तुमच्या घरातलं. तुम्ही लेकीबरोबर एवढ्या हौसेने दिलेला एसी. तो बैठकीत बसवला तेव्हा आपण दोघं खाली उभे राहून माना वर करून किती वेळ त्याचा वारा खात होतो, आठवतं ना? तो बसवला नेमका मानाच्या जागेवर, दारापासून सगळ्यांत लांबच्या भिंतीला. आणि सासऱ्याची गादी मानाच्या जागेवर नाही घालायची तर कुठे घालायची? सूनबाईने माझ्यासाठी तिथेच दोन गाद्या एकीवर एक घातल्या, पाठीला लोड दिला. जितका मान, तितका वारा. माच्यावरचं शास्त्र उठून बैठकीत आलं, मी त्याच गादीवर टेकलो, आणि सोलिहा त्या यंत्राकडे बोट करून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे रिश्तानचं यंत्र घरात आलं आणि माणसाचं तोंड फिरलं. आणि बसवतात कुठे, तर बरोबर त्याच्या तोंडाखाली." सूनबाई चहा घेऊन दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी सासऱ्याने द्यावा तेवढा धीर तिला नजरेनेच दिला. बोललो नाही. आपल्यात सासरा नव्या सुनेशी फार बोलत नाही, आणि बोललो असतो तरी त्यातली निम्मी अक्षरं हवेत गेली असती. तिने चहा ठेवला, वाकून सलाम केला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी उठलो तर अंगण झाडलेलं होतं, पाणी शिंपडलेलं होतं, तंदूरमधले ताजे नान फडक्यात गुंडाळून ठेवलेले होते, आणि सूनबाई घरात नव्हती. (पण ते राहू द्या. पत्र वैद्यकीय आहे.)

पॉलिक्लिनिकमध्ये मी त्या पहिल्याच दिवशी, धुरीचा वास अंगावर घेऊन गेलो होतो. तिथल्या डॉक्टर मुनव्वरओपा वयाने माझ्या लेकीसारख्या, पण ओपा, म्हणजे ताई, म्हणावं असाच दरारा. त्यांनी भुवया उडवायला लावल्या, दात दाखवायला लावले, हात धरून ढकलाढकली केली आणि म्हणाल्या, "आका, मेंदू शाबूत आहे. चेहऱ्याची एक शीर सुजलीय. गोळ्या वेळेवर घ्या, डोळ्यात थेंब घाला, झोपताना डोळ्यावर पट्टी लावा. बहुतेकांचं तोंड परत येतं." मी विचारलं, कारण काय? त्या कागदावर खरडता खरडता म्हणाल्या, "इडिओपॅथिक."

व्याही, काय वजनदार शब्द आहे हो. मी तो तोंडातल्या तोंडात घोळवत घरी आलो (त्यात एकच प आहे, तेवढा नाकातून काढला), आणि चहाखान्यात जाहीर केलं. अक्रोड नाही, खरबूज नाही, मला इडिओपॅथिक झालंय. लोक सरकून बसले. एकाने विचारलं, हे लागट असतं का? कापूसवाल्या अझमतने सांगितलं की त्याच्या मामाला तेच झालं होतं, पण पायाला. राहमतचं तोंड उतरलं, कारण त्याला आजवर नुसतं ब्लडप्रेशर झालेलं. आठवडाभर मी त्या शब्दाच्या जिवावर मानाने जगलो.

हाजरखालाला मात्र शब्दाने समाधान नव्हतं. तिने मीठ तव्यावर भाजून पुरचुंडीत बांधलं, मेंढीच्या शेपटाची चरबी गालाला चोळली, आणि वरून ती पुरचुंडी दाबून धरली. गाल बधिर होता की नाही याची तिला कल्पना नव्हती. कातडी बधिर नव्हती, याची कल्पना मला लगेच आली. गालावर जर्दाळूएवढा फोड घेऊन मी पुन्हा पॉलिक्लिनिकच्या रांगेत बसलो, आणि शेजारच्या खोकणाऱ्या म्हाताऱ्याकडून सर्दी घेऊन आत गेलो. मुनव्वरओपांनी फोड पाहून डोक्याला हात लावला. म्हणाल्या, "हे आयट्रोजेनिक." माझा चेहरा (निम्मा) उजळला. आणखी एक शब्द. पण त्यांनी या वेळी अर्थही सांगितला: आयट्रोजेनिक म्हणजे उपचार करणाऱ्याने, उपचार करता करता, दिलेलं दुखणं. बरं करायला गेला आणि इजा करून बसला. आणि दवाखान्यात येऊन लागलेल्या सर्दीलाही त्यांच्याकडे निराळा शब्द आहे, नोसोकोमियल. म्हणजे बघा, प्रत्येक दुखण्यावर त्यांनी मालकाच्या नावाची पाटी लावून ठेवलीय.

तेव्हा मला शंका आली. म्हटलं, "ओपा, मग त्या इडिओपॅथिकचा मालक कोण?"

"कुणी नाही. इडिओपॅथिक म्हणजे कारण ठाऊक नाही."

"अहो, मग आठवडाभर मी गावभर सांगत फिरलो ते काय?"

"आम्हाला ठाऊक नाही, हेच सांगत फिरलात."

राग आला, व्याही. इतकी वर्षं शिकायचं, आणि 'आम्हाला ठाऊक नाही' एवढंच म्हणायला माणसाच्या मुठीत न मावणारा शब्द वापरायचा. पण उठता उठता मी विचारलं, आणि एसी? त्या म्हणाल्या, "वाऱ्याने होतं असं सगळेच म्हणतात. माझी आईही म्हणते. अजून कुणी सिद्ध केलेलं नाही." अक्रोड? नाही. खरबूज? नाही. मग जरा घुटमळून विचारलं, समजा एखाद्या सुनेने सासऱ्याची गादी एसीखाली घातली असेल, तर? ओपांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "आका, हे कुणी केलेलं नाही. घरी जा आणि हे आधी त्या सुनेला सांगा."

त्या क्षणी छातीवरचा दगड उतरावा तसं वाटलं. बाहेर तुतीखाली बसून मी तो शब्द पुन्हा म्हणून पाहिला. त्यांच्या सगळ्या शब्दांमध्ये हा एकच असा, की ज्याला मालक नाही. ज्याने कुणावर बोट रोखायचं नाही, कुणी मान खाली घालायची नाही. असा शब्द आपल्या भाषेत नाही, आणि आपल्या घरात तर नाहीच नाही. सोलिहाला घरी येऊन तो समजावला. ती म्हणाली, "पण मी सुनेला कुठे काही बोलले? मी यंत्राला बोलले." (लेकी बोले सुने लागे ही तऱ्हा जुनी झाली. आमच्या घरात लेक नाही, म्हणून यंत्राला बोलतात.)

आता पुढचं जरा जिवावर येतंय, पण लिहितो. ओपांनी मला चेहऱ्याचे व्यायाम दिले होते. आरशासमोर बसायचं, भुवया उडवायच्या, गाल फुगवायचे, डोळे मिटायचे, हसायचं. एके दिवशी व्यायाम करताना सहज मनात आलं, त्या दिवशी सूनबाईला मी धीर दिला होता, तसाच करून बघू. म्हणजे डोळे हळूच मिटून, 'राहू दे, पोरी, मनावर घेऊ नकोस' अशी मान हलवायची, आणि थोडं हसायचं. तेवढंच केलं होतं. व्याही, आरशात जो माणूस दिसला, त्याला मी उंबऱ्याच्या आत घेतला नसता. उजवा डोळा मिटला, डावा टक्क उघडा. ओठाचा एक कोपरा वर चढला, दुसरा जागचा हलला नाही. सासू यंत्राच्या नावाने सुनेला बोलतेय, आणि सासरा मानाच्या जागेवर लोडाला टेकून डोळा मारतोय, कुत्सित हसतोय. तिने हे पाहिलं होतं, आणि तोंड फिरलंय हे ठाऊक असलं तरी डोळा मारणाऱ्या सासऱ्यापुढे ते कुणाच्या ध्यानात राहतं? सासूच्या बोलण्याने कुठलीच सून घर सोडत नाही, तसं असतं तर फरगाना खोऱ्यात एक चूल पेटली नसती. ती गेली माझ्या हसण्याने. मी आरसा पालथा घातला. त्या दिवशी दुसऱ्यांदा व्यायाम केला नाही.

लगेच का आलो नाही, असं तुम्ही म्हणाल. त्या तोंडाने येऊन काय केलं असतं? तुमच्या उंबऱ्यावर उभं राहून तुमच्या लेकीला पुन्हा डोळा मारला असता. आणि सोलिहा म्हणत होती, गेली तशी येईल. आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. रुसून गेलेली सून आपण होऊन परत आली तर तिचा मान जातो, आणि आणायला गेलं तर सासूचा. दोघींचा मान सांभाळता सांभाळता जर्दाळूंचा मोसम संपून खरबुजं ऐन भरात आली. घरात सोलिहा चहा ओतते तो काठोकाठ. काठोकाठ भरलेला प्याला म्हणजे 'ऊठ आता' हे लहान पोरालाही कळतं, आणि मी आपल्याच घरात रोज सकाळी पाहुण्यासारखा उठतो. सूनबाई अर्धाच प्याला भरायची, पुन्हा भरायची, पुन्हा भरायची. म्हणजे बसा, अजून बसा.

तर परवा. चहाचा पहिला घोट आत गेला आणि आतच राहिला. मी शीळ घालून पाहिली, पिंजऱ्यातल्या लाव्याने उत्तर दिलं. मग धीर करून सुरनाई काढली, पात भिजवली, गाल फुगवले. दोन्ही फुगले. आणि आवाज असा निघाला, व्याही, की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, दोन्ही डोळ्यांत सारखंच. हात थांबेनात. वरातीची धून सुरू झाली कधी, ते मला कळलं नाही. गल्लीला मात्र लगेच कळलं. सुरनाईवाल्याच्या घरातून सकाळी सकाळी वरातीची धून म्हणजे मंगलकार्यच. मी डोळे उघडले तेव्हा अंगणात निम्मा मोहल्ला उभा. म्हाताऱ्यांनी ठेवणीतले झगे चढवलेले, हाजरखालाच्या डोक्यावर नानाची चळत, आणि राहमत कर्णा खांद्यावर घेऊन तावातावाने मला विचारतोय, "घरात कार्य आणि मला निरोप नाही?" आलेल्या माणसाला उपाशी परत पाठवायची आपल्यात सोय नाही. कढई निघाली, चूल पेटली, पुलाव चढला.

आणि प्रत्येक बाई आत जाऊन पहिलं विचारायची, सून कुठाय? तिला गाजरं चिरायला बोलवा की, तिच्यासारखी बारीक कुणाची होत नाहीत. सोलिहा म्हणायची, हवेला गेलीय. होता होता ती काहीच म्हणेनाशी झाली. मी कढईपाशी गेलो तर ती डोक्याच्या रुमालाने डोळे पुसत होती. मला म्हणाली, गाजरं तिखट आहेत. व्याही, माझा सगळा जन्म लग्नांच्या कढयांशेजारी गेला. गाजर चिरताना कुणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलेलं नाही.

परवा रात्री पत्राला बसायचं ठरवलं, म्हणून मुनव्वरओपांचे शब्द पुन्हा आठवून पाहिले. तोंड वाकडं झालं ते इडिओपॅथिक. त्याबद्दल तुम्ही, तुमचा एसी, तुमची लेक, माझा जन्नतवासी सासरा आणि त्याचा अक्रोड, सगळे निर्दोष. राहमतच्या खरबुजालाही मी माफ केलं. पण सूनबाई घर सोडून गेली, त्याला इडिओपॅथिक म्हणून चालायचं नाही. त्याचं कारण ठाऊक आहे. ते आयट्रोजेनिक. ज्यांनी सांभाळायचं, त्यांनीच सांभाळता सांभाळता दिलेलं दुखणं. एकीने तोंडाने, आणि दुसऱ्याने, म्हणजे मी, अर्ध्या तोंडाने. एवढं मनाशी ठरलं आणि मी मोकळा झालो. कालपासून झोपही चांगली लागतेय.

तुमचं आरोग्य उत्तम राहो, हात चाकावर स्थिर राहोत, भट्टीतून थाळी आख्खी बाहेर येवो. घरातल्या थोरांना सलाम, धाकट्यांच्या डोळ्यांवर माझ्या ओठांचा स्पर्श. (आता दोन्ही ओठांचा.)

तुमचा व्याही,
ओदिलजान

ता. क. पत्र राहमतच्या हाती पाठवतोय. तो तुमच्या गावात आज एका लग्नाला कर्णा वाजवायला येतोय. गाडीत कर्णा तिरपा घातला तरी एका माणसाची जागा रिकामी उरते, बोचकं ठेवायलाही जागा आहे. परततानाची गोष्ट. सहज कळवलं.

ता. क. एसी जिथे होता तिथेच आहे आणि चालू आहे. माझी गादीही त्याच्याखालीच आहे. सोलिहाने हलवली होती, मी परत तिथे ओढून आणली. जिने ती जागा मला दिली, तिने चुकून दिली नव्हती.

ता. क. व्याही, रागावू नका. इतकं लांब पत्र न अडखळता वाचून दाखवेल असं माणूस तुमच्या घरात सध्या एकच आहे, हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं. आमच्या घरात सुनेला नावाने हाक मारत नाहीत. आज मारतो. ओयदिन, बाळ, मी हसत नव्हतो. माझा अर्धा चेहरा हसत होता. तो आता बरा झालाय आणि तुला त्याने दिलेलं दुखणं मात्र तसंच आहे, म्हणून त्याच्या वतीने मी माफी मागतो. तुझ्या वडिलांना फोनवर मागायची होती ती हीच.

ता. क. हे सांगायचं राहिलंच. सोलिहा राहमतच्या गाडीत बसली आहे. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी, तुतीपलीकडे. पत्र वाचून झाल्याशिवाय खाली पाऊल ठेवणार नाही, असं म्हणून निघाली आहे. गाडीत एसी नाही, आणि माझ्या तोंडाची दहशत घेतल्यामुळे तिने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या असणार. आता लक्षात येतंय, की पत्र जरा लांबलं. ओयदिन, कागद खाली ठेव आणि आधी गाडीचं दार उघड. चहा दे तिला. प्याला अर्धाच भर.